एकाच बागेत

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय सुहास,

रविवारी पुतणीला घेऊन कमाटी बागेत गेलो होतो. म्युझियममध्ये देवमाशाच्या सांगाड्याखालून ती हलेचना. बाहेर पडल्यावर, बाबासाहेबांनी अस्पृश्यता मिटवण्याचा संकल्प केला त्या संकल्पभूमीच्या वडाखाली बसलो, तेव्हा तिला त्यांचं सांगितलं.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण मनातून जात नाही. 1913 मध्ये सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली, आंबेडकर न्यूयॉर्कला शिकले आणि करारानुसार 1917 मध्ये नोकरीला इथं आले. राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून एका पारशी सराईत उतरले. अंधारा हॉल, कोपऱ्यात अडगळ, वटवाघळांची फडफड आणि एक मिणमिणता कंदील. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन दारात आले. ओळखीच्यांनीही जागा दिली नाही. मुंबईची रात्रीची गाडी सुटेपर्यंत त्यांनी वेळ काढला तो याच बागेत.

सुहास, शिष्यवृत्ती देणारा राजा आपला आणि दार बंद करणारं शहरही आपलंच. मला वाटतं, म्युझियमनं हे दोन्ही एका दालनात मांडावं. गणपतीत छोटं प्रदर्शन करू म्हटलं, तर मंडळातले एक ज्येष्ठ म्हणाले, "महाराजांच्या नावाला बट्टा कशाला?" फार लागलं रे. अस्पृश्यांसाठी शाळा काढणारा, 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारा हा राजा. खरं सांगितल्यानं तो कसा लहान होईल? उलट, राजाचा हुकूमही जिथं थिटा पडला, ती जात किती चिवट होती, हे तिथंच कळतं.

वॉशिंग्टनच्या एका संग्रहालयात 1995 साली असंच झालं. हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं विमान मांडताना तिथं होरपळलेल्या माणसांचीही हकीकत सांगायचं ठरलं होतं. माजी सैनिकांच्या संघटना आणि राजकारणी खवळले, मूळ प्रदर्शन बारगळलं. विमानाचा सांगाडा तेवढा मांडला. होरपळलेल्यांचं दुःख खरं होतं, तसं सैनिकांचंही खरं होतं, म्हणूनच दोघांनाही एका छताखाली जागा हवी होती.

म्युझियमला अर्ज लिहितोय. सराईतली ती खोली उभी करा, कंदिलासकट, आणि शेजारी शिष्यवृत्तीची हकीकत लावा, एवढंच मागणं. मराठी मसुदा झालाय, सोबत जोडलाय. गुजराती तुझी चांगली, तू उतरवून दे. दिवाळीआधी द्यायचाय.

तुझा,
विनय