ब्लॉक कापणाऱ्या तंत्रज्ञ मंडळींना जाहीर आभार

हिस्टोपॅथॉलॉजीतील (ऊतींच्या तपासणीच्या विभागातील) तंत्रज्ञ मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

अंडाशयाच्या कॅन्सरवर कोणतं औषध चालेल हे जनुक तपासणीवरून ठरलं, की नाव डॉक्टरांचं होतं. ती तपासणी जमणार की फसणार, हे मात्र तुमच्या फॉर्मालिनच्या बरणीतच बरंचसं ठरलेलं असतं.

काढलेला तुकडा तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये जातो, तोही दहापट द्रावणात. गाठ मोठी असली तर तुम्ही आधी ५ मिलिमीटरच्या चकत्या करता, नाहीतर बाहेरून पक्की आणि आतून सडलेली अशी गत होते. ६ तासांच्या आत बाहेर काढली तर ऊती कच्ची राहते, ७२ तासांपुढे गेली तर डीएनएचे तुकडे पडतात. शिवाय डीएनएमधलं सायटोसिन, म्हणजे 'सी' हे अक्षर, बिघडून सिक्वेन्सर (डीएनए वाचणारं यंत्र) 'सी'च्या जागी 'टी' वाचतो, म्हणजे नसलेलं म्युटेशन (जनुकातला बदल) दिसतं!

ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा, निवडण्यातली तुमची चिकाटी तर आम्हाला कधी जमली नसती. केमोनंतरच्या ऑपरेशनचा ब्लॉक दिसायला भरगच्च, पण आत बहुतेक तंतू आणि मेलेल्या पेशी. तुम्ही कपाटातून केमोआधीची सुईएवढी बायोप्सी शोधून आणता आणि पॅथॉलॉजिस्टनं स्लाइडवर पेनानं गोल केलेला भाग तेवढाच खरवडता. ट्यूमर पेशी २०-३० टक्क्यांच्या खाली गेल्या की एचआरडीच्या (ट्यूमरची डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडल्याचं दाखवणाऱ्या चाचणीच्या) आकड्यावर विसंबता येत नाही. 'निष्कर्ष नाही' असा अहवाल एक वेळ परवडला. खोट्या 'निगेटिव्ह'मुळे पार्प इनहिबिटर या औषधाचा उपयोग होणाऱ्या बाईला ते मिळतच नाही.

दर ब्लॉकला नवी ब्लेड, आणि दोन ब्लॉकच्या मध्ये वॉटर बाथवर (काप तरंगवायच्या कोमट पाण्यावर) टिश्यू पेपर फिरवून तरंगणारे कण उचलणं. एका रुग्णाचा कण दुसऱ्याच्या स्लाइडवर चिकटला तर काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको. कॅल्शियमचे खडे असलेला तुकडा मऊ करायला डीएनए खराब करणारं आम्ल न वापरता ईडीटीए हे सौम्य रसायन वापरता, वेळ जास्त लागतो तरी.

ट्यूमरमध्ये बीआरसीए जनुकातलं म्युटेशन सापडलं तरी ते जन्मजात आहे का, हे रक्तावरून कळतं. 'रक्ताची नळी पाठवा' ही तुमची चिठ्ठी म्हणूनच बहिणी-मुलींच्या तपासणीची सुरुवात ठरते.

तुकडा कधी काढला आणि फॉर्मालिनमध्ये कधी घातला, हे दोन रकाने ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) नेहमी कोरेच येतात आणि तुम्ही फोन करून विचारत बसता. ते यापुढे आम्हीच भरून पाठवू.

आपले,
कॅन्सर विभागातील डॉक्टर आणि जनुक समुपदेशक