जादूच्या, साहसाच्या कादंबऱ्या हव्यात आणि पूर्ण संच हवेत!

सस्नेह नमस्कार.

रावेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग दिवाळीच्या सुट्टीआधी नव्याने उभा करायचा आहे. त्यासाठी मराठीतल्या अद्भुत साहसकथा, त्यातही जाडजूड कादंबऱ्या आणि त्यांच्या पूर्ण मालिका हव्या आहेत. पाचवी ते नववीची मुलं-मुली आमचे सर्वांत नेमाने येणारे सभासद, आणि त्यांचंच कपाट रिकामं.

रिकामं म्हणजे पुस्तकं नाहीत असं नव्हे. थोरांची चरित्रं, सुविचार, निबंधमाला, सामान्यज्ञान, शिष्यवृत्तीची गाईडं भरपूर आहेत. ती देणाऱ्यांचे आभारच, पण आता पुरे. मुलं कपाटासमोर उभी राहतात, नावं वाचतात आणि शेवटी तीच जुनी, विसविशीत झालेली राक्षसाची कादंबरी पुन्हा घेऊन जातात. तिची शेवटची पानं कधीच गळून गेली. आधी वाचलेला मुलगा पुढच्याला शेवट तोंडी सांगतो, आणि प्रत्येकाच्या तोंडी तो थोडा बदलतो. (ऐकायला मजा येते, पण म्हणून पानं नकोत असं नाही.)

मालिकांचं दुखणं वेगळं. हॅरी पॉटरची मालिका सात भागांची. आमच्याकडे मराठीतला पहिला आणि तिसरा. मधला भाग न वाचता पुढचा वाचायचा नाही असं ठरवून बसलेल्या मुली आहेत, त्या दर शनिवारी ‘दुसरा आला का?’ विचारून जातात. म्हणून विनंती अशी, की सुटा एखादा भाग देण्यापेक्षा दोघा-तिघांनी मिळून एक अख्खी मालिका द्या.

हे वाचनालय स्वतः का घेत नाही, असं कोणी विचारेल. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. शासनमान्य वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, आम्ही सर्वांत खालच्या ‘ड’मध्ये. मिळतं त्या अनुदानात मानधन, वर्तमानपत्रं, वीजबिल आणि सगळ्या वयाच्या वाचकांची पुस्तकं भागवायची. चांगली भाषांतरित कादंबरी आज तीनशे-चारशे रुपयांच्या आत क्वचितच येते. त्यातून दोन घेतल्या की मुलांचा वाटा संपतो.

आता गावातल्या काही वडीलधाऱ्यांच्या शंकेबद्दल. ‘भुताखेताचं, खोटंनाटं वाचून पोरांना काय मिळणार?’ हा प्रश्न आपल्या भागात विचारला जावा याचं थोडं हसू येतं. सरहद्दीपलीकडे, बऱ्हाणपूरच्या पुढे असीरगड आहे. कपाळावरची भळभळती जखम घेऊन अश्वत्थामा अजून तिथल्या महादेवाच्या पूजेला येतो, हे ऐकतच आपण सगळे मोठे झालो. सातपुड्याची एकेक खोरी अशा गोष्टींनी भरलेली आहे. चोपडा तालुक्यात उनपदेवला जमिनीतून गरम पाणी येतं, एरंडोल तालुक्यातलं फरकांडे झुलत्या मनोऱ्यांसाठी ओळखलं जातं; तिथे गेलेल्या मुलाला कोणी वेगळी कल्पनाशक्ती शिकवावी लागत नाही. अमर योद्धा आपल्या आजीने सांगितला तर श्रद्धा, आणि छापील पुस्तकात आला तर खोटंनाटं, हा हिशेब आम्हाला पटत नाही.

शिवाय आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या घरात कुठे लेवा बोली आहे, कुठे अहिराणी, कुठे तडवी. पुस्तकातली मराठी त्यांना दोन पानांत दमवते. पण गुहेच्या तोंडाशी अडकलेल्या पोराचं पुढे काय होतं हे कळल्याशिवाय जेवायला न उठणारं मूल तीनशे पानं ओलांडतं, अडलेले शब्द वाटेत आपोआप सुटत जातात. हे आम्ही रोज काउंटरवरून पाहतो.

काय चालेल? परकी भाषांतरं चालतील, भा. रा. भागवतांनी मराठी मुलांसाठी आणलेला फ्रेंच साहसकथाकार ज्यूल व्हर्न तर हवाच. मराठीत मुळातून लिहिलेल्या अद्भुत कादंबऱ्या फार नाहीत, त्यामुळे कोणाच्या माळ्यावर जुन्या असतील तर आधी त्या उतरवा. ‘किशोर’चे आणि ‘चांदोबा’चे जुने अंक बांधून ठेवू. वाळवी लागलेली, पानं नसलेली पुस्तकं मात्र नकोत.

रोख मदतीतून काय घ्यायचं ते मुलंच ठरवतील. बालसभासदांतून पाच जणांची निवड समिती केली आहे. यादीतल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचून ती शेरा लिहील. हे कोणाला पोरखेळ वाटेल, पण इंग्रज लेखक टॉल्किनचं ‘द हॉबिट’ हे अद्भुत साहसाचं पुस्तक १९३७ साली छापलं गेलं ते प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांच्या दहा वर्षांच्या मुलाने हस्तलिखित वाचून अनुकूल अभिप्राय दिल्यावर. त्याला त्याबद्दल एक शिलिंग मिळालं होतं. आमच्या समितीला उसाचा रस मिळेल.

रक्कम कितीही लहान असली तरी पावती घ्यावी. वाचनालयाच्या नावे चेक किंवा काउंटरवरच्या क्यूआर कोडने दिलेली मदत चालेल; कोणाच्याही खासगी खात्यावर पैसे पाठवू नयेत. पुणे-मुंबई-सुरतेला असलेल्या गावकऱ्यांनी गावी येणाऱ्या माणसाबरोबर पुस्तकं दिली तर टपालखर्च वाचेल. वाचनालय संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं, सोमवारी बंद. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, आलेली पुस्तकं मुलांच्या हाती द्यायची आहेत, तेव्हा त्याआधी पोहोचतील असं पाहा.

पुस्तकं केळीच्या खोक्यातून आणली तरी हरकत नाही, घरोघर तीच खोकी आहेत. फक्त खोकं कोरं किंवा नीट पुसलेलं असावं. केळीच्या चिकाचा डाग कागदावरून जात नाही.

आपले,
वाचनालयाचे कार्यकारी मंडळ आणि बालविभाग