शॅक, तो मास्क तुम्ही सगळ्यांसमोर लावलात

प्रिय शॅकिल ओ'नील यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे आणि ते तुमच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमीच. तरी उघडपणे लिहिते आहे, कारण तुमचे आभार नेमके कशासाठी मानायचे हे मराठी वाचणाऱ्यांनाही कळावं असं मला फार वाटतं. शेजारी झोपलेलं माणूस घोरता घोरता एकदम गप्प होतं आणि त्या गप्प होण्यानेच ज्यांची झोप उडते, असे कितीतरी जण हे वाचत असतील.

मे २०११ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या निद्राविकार विभागाने तुमच्यावर एक छोटा व्हिडिओ केला. तुम्ही तेव्हा बोस्टन सेल्टिक्स या संघाकडून बास्केटबॉल खेळत होता आणि पुढच्याच महिन्यात निवृत्ती जाहीर केलीत. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची चार विजेतेपदं, ७ फूट १ इंच उंची, अंगावर घ्यायला भलेभले कचरतील असा देह. असा माणूस त्या व्हिडिओत झोपेची तपासणी करून घेतो, आपल्याला स्लीप अ‍ॅप्निया आहे, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार आहे, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकतो आणि त्यावरच्या उपचाराचा मास्क लावून दाखवतो. आणि हे सगळं सुरू कशामुळे झालं? तर झोपेत तुमचा श्वास थांबतो हे तुमच्या तेव्हाच्या मैत्रिणीच्या लक्षात आलं म्हणून.

आमच्या दोघांचाही बास्केटबॉलशी काही संबंध नाही. व्हिडिओ आमच्या मुलीने शोधून काढला आणि तिच्या बाबाला दाखवला. त्याने तो शेवटपर्यंत पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "बायकोने सांगितलं म्हणून हा तपासायला गेला?" बायको नव्हे, मैत्रीण, असं मुलीने सांगितलं. पण मुद्दा त्याच्यापर्यंत पोहोचला होता.

वर्षानुवर्षं मी त्याला सांगत होते की रात्री तुझा श्वास अडकतो. मला तर काहीच कळलं नाही, हे त्याचं ठरलेलं उत्तर, आणि ते अगदी खरं होतं. ज्याला हा आजार असतो त्याला तो दिसत नाही, हीच यातली मोठी अडचण. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, टाळूचा मऊ भाग खाली येतो आणि श्वासाची वाट बंद होते. छाती-पोट हलत राहतं, शरीर हवा ओढायचा जिवापाड प्रयत्न करतं, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो. शेवटी मेंदू क्षणभर जागं करतो, मोठा आचका देऊन श्वास सुटतो आणि माणूस पुन्हा झोपतो. त्या जागं होण्याची सकाळी आठवणही नसते. श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की त्याची नोंद होते. अशा पूर्ण किंवा अर्धवट अडथळ्यांची तासाची सरासरी ५ ते १५ असेल तर आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर गेली तर तीव्र. तीव्र म्हणजे दर दोन मिनिटांना किमान एकदा. रात्रभर.

हे सगळं पाहणारं एकच माणूस असतं, आणि ते अंधारात शेजारी जागं असतं. त्याच्या सांगण्याला घरात काय किंमत असते? सासूबाई कौतुकाने म्हणत, घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय. पाहुणे हसण्यावारी नेत. नवऱ्याला वाटे, मी त्याच्या घोरण्याची तक्रार करते आहे. मला तक्रार करायचीच नव्हती. मला भीती वाटत होती, आणि ती कुणाच्या कानापर्यंत जात नव्हती. तुम्ही जगासमोर सांगितलंत की शेजारच्या माणसाने पाहिलं आणि त्यावरून आजार सापडला. डॉक्टर तर हा प्रश्न मुद्दाम विचारतातच: झोपेत तुमचा श्वास थांबताना कुणी पाहिलं आहे का? जगभर वापरल्या जाणाऱ्या स्टॉप-बँग या प्रश्नावलीत घोरणं, दिवसाचा थकवा, रक्तदाब, वजन, वय, मानेचा घेर आणि पुरुष असणं यांच्या जोडीला हा प्रश्न आहे. म्हणजे माझं जागं राहून पाहणं हा वैद्यकीय पुरावा होता. तुमच्यामुळे तो आमच्या घरात पहिल्यांदा ग्राह्य धरला गेला, म्हणून पहिले आभार त्याचे.

दुसरे आभार अधिक महत्त्वाचे. तुम्ही हे जिवंतपणी सांगितलंत.

या आजाराचं नाव लोकांना बहुतेक वेळा कुणाच्या तरी मृत्यूच्या बातमीतून कळतं. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत बप्पी लाहिरी गेले, वय ६९. डॉक्टरांनी कारण सांगितलं, ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया. अनेकांनी ते शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. डिसेंबर २०१६ मध्ये अभिनेत्री कॅरी फिशर गेल्या, वय ६०, आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये आलेल्या शवचिकित्सकांच्या निष्कर्षात इतर कारणांबरोबर स्लीप अ‍ॅप्नियाही होता. तुमच्याच देशातला अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू रेजी व्हाइट २६ डिसेंबर २००४ ला गेला तेव्हा जेमतेम ४३ वर्षांचा होता. त्याला सारकॉइडोसिस हा वेगळा आजार होता, पण स्लीप अ‍ॅप्नियाचाही हातभार लागला असावा असं तेव्हा सांगितलं गेलं. त्याच्या पत्नी सारा व्हाइट पुढे या आजाराबद्दल जाहीरपणे बोलत राहिल्या. त्यांना काय सोसून ते बोलावं लागलं असेल, याची कल्पना मला करवत नाही.

अशा बातम्यांनी माणूस हादरतो हे खरं. बप्पीदांची बातमी आली तेव्हा मीही नवऱ्यासमोर वर्तमानपत्र ठेवलं होतं. त्याने वाचलं, घडी घातली आणि आठवडाभर उशिरा झोपायला येत राहिला. नुसती भीती दाखवली की माणूस त्या विषयापासून दूर पळतो, असं माझं मत तेव्हापासून पक्कं झालं आहे. तुमच्या व्हिडिओत भीतीबरोबर पुढची पायरीही दिसते. तपासणी होते, निदान होतं, उपाय मिळतो, आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी उठून आपलं आयुष्य जगतो. घाबरलेल्या माणसाला हेच पाहायचं असतं.

माझ्या नवऱ्याची तपासणी झाली आणि आजार तीव्र निघाला. तो काही जाडजूड नाही. वजन जास्त असणं हे मोठं कारण आहेच, पण जबडा लहान किंवा मागे ओढलेला असेल, टॉन्सिल मोठे असतील, तर सडपातळ माणसालाही हा आजार गाठतो. गोळ्या वाढवूनही रक्तदाब आटोक्यात येत नव्हता, सकाळी डोकं जड असायचं, रात्री पुन्हा पुन्हा लघवीला उठावं लागायचं. त्या उठण्याचं खापर आम्ही वयावर फोडलं होतं. डॉक्टरांनी समजावलं की बंद घशातून हवा ओढताना छातीत जो ताण तयार होतो त्याने हृदय ताणलं जातं, हृदयातून एक संप्रेरक सुटतं आणि ते मूत्रपिंडांना जास्त लघवी करायला लावतं. घशातल्या अडथळ्याचा आणि मूत्राशयाचा असा संबंध असेल, हे आम्हाला कोण सांगणार होतं!

आता मास्कविषयी. खरं तर या पत्राचं मूळ तिथेच आहे.

हवेचा सतत दाब देणारं यंत्र, म्हणजे सीपॅप, सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये पहिल्यांदा रुग्णावर वापरलं आणि १९८१ मध्ये त्याबद्दलचा लेख प्रसिद्ध केला. त्याआधी तीव्र आजारावरचा खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडणं. सीपॅपची कल्पना अगदी सरळ आहे. छोटा पंखा खोलीतलीच हवा नळीतून मास्कमध्ये सोडतो आणि त्या हवेचा दाब घसा आतून उघडा धरून ठेवतो. लोकांना तो ऑक्सिजन वाटतो. मास्क पाहिला की पेशंट सिरियस आहे, असंच वाटतं. ऑक्सिजनचा तिथे संबंध नसतो, आपलीच साधी हवा असते.

पण हे समजणं वेगळं आणि रोज रात्री ते तोंडावर चढवणं वेगळं. पहिल्या रात्रींत गुदमरल्यासारखं होतं, कडेने हवा सुटून डोळ्यांत जाते, तोंड कोरडं पडतं, सकाळी गालांवर पट्ट्यांचे वळ दिसतात. यातल्या बहुतेक गोष्टींवर उपाय आहेत: वेगळ्या मापाचा किंवा फक्त नाकपुड्यांना लागणारा मास्क, हवा दमट करणारं भांडं, दाब हळूहळू वाढवण्याची सोय. त्यासाठी तक्रार घेऊन परत जावं लागतं, आणि तिथेच लोक कंटाळतात. यंत्र कपाटात जातं. माझ्या नवऱ्याची अडचण याहूनही वेगळी होती. "तू मला असं बघू नयेस," तो म्हणाला. त्याला हवेचा त्रास नव्हता, लाज वाटत होती. बायकोशेजारी नळी लावून झोपलेला पुरुष म्हणजे संपलेला पुरुष, असं काहीतरी त्याच्या मनात घर करून होतं. मी कितीही समजावलं असतं तरी ते निघालं नसतं, कारण मी तर समजावणारच.

ते तुम्ही काढलंत, शॅक. त्याने तो व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी एकट्याने. ज्याच्या ताकदीचा जगाने धसका घेतला होता तो माणूस मास्क लावतो आणि त्याच्यात काहीही कमी होत नाही, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्या रात्री पट्ट्या त्याने स्वतः घट्ट केल्या.

तुमच्यासारखं इतरांनीही केलं, त्यांचेही आभार इथेच मानते. एमी पोहलर यांनी २०१४ मध्ये आलेल्या आपल्या आत्मकथनात घोरण्याबद्दल आणि या आजाराबद्दल मोकळेपणाने लिहिलं. एका स्त्रीने, तेही प्रसिद्ध अभिनेत्रीने, आपण घोरतो हे लिहिणं मला फार धीराचं वाटतं. जून २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांच्या गालांवर पट्ट्यांचे वळ पत्रकारांना दिसले, तेव्हा ते सीपॅप वापरतात असं व्हाइट हाउसने सरळ सांगितलं. २००८ पासून त्यांच्या वैद्यकीय अहवालांत या आजाराची नोंद होतीच. तरी कागदावरच्या नोंदीपेक्षा गालावरचे वळ लोकांच्या जास्त लक्षात राहिले, आणि माझ्या मते ते चांगलंच झालं.

२०२५ मध्ये तुम्ही एका औषध कंपनीच्या जनजागृती मोहिमेतही आलात. लठ्ठपणा आणि मध्यम ते तीव्र स्लीप अ‍ॅप्निया दोन्ही असलेल्या प्रौढांसाठी टिर्झेपटाइड या वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली, त्यानंतरची ही गोष्ट. अनेकांना त्या औषधाचा उपयोग होईल, याचा मला आनंद आहे. पण कंपनी बोलावते तेव्हाचं बोलणं मी थोडं अंतर राखून ऐकते. २०११ चा व्हिडिओ मात्र मी कुणालाही निःशंकपणे पाठवते.

पाठवावा लागतोही. जगभरात ३० ते ६९ वयोगटातल्या सुमारे ९३ कोटी ६० लाख लोकांना सौम्य ते तीव्र स्वरूपात हा आजार असावा, असा अंदाज २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही. पत्ता नसलेला माणूस गाडी चालवत असला तर काय होतं, हे तुमच्या देशाने पाहिलं आहे. १ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कजवळ वळणावर रेल्वे घसरली आणि चार जण गेले. चालकाला डुलकी लागली होती, आणि त्याला स्लीप अ‍ॅप्निया आहे हे अपघातानंतर कळलं.

आभाराच्या पत्रात मागणं घालू नये, तरी दोन गोष्टी मागते. पुन्हा कधी यावर बोललात तर स्त्रियांचा उल्लेख करा. त्यांच्यात हा आजार बऱ्याचदा मोठ्या घोरण्याऐवजी तुटक झोप, थकवा, सकाळची डोकेदुखी, उदासी अशा रूपांत येतो, आणि रजोनिवृत्तीनंतर त्याचं प्रमाण वाढतं. त्यांना टॉनिक दिलं जातं, झोपेच्या गोळ्या दिल्या जातात, तपासणीला मात्र पाठवलं जात नाही. आणि दुसरं म्हणजे मास्क लावल्याच्या पहिल्या दिवसाबद्दल तुम्ही सांगितलंत, तसं नंतरच्या वर्षांबद्दलही सांगा: प्रवासात यंत्र कसं नेता, सर्दी झाली की काय करता, कंटाळा आला तर काय करता. माझ्या नवऱ्याला अजूनही अधूनमधून कंटाळा येतो. माझं तो ऐकतो, पण तुमचं जरा जास्त ऐकेल.

आपली कृतज्ञ,
एक वाचक