तुझे राज्य येवो

प्रिय मित्रा,

आईच्या दफनविधीला सगळ्यांनी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हटली. तिच्यात 'तुझे राज्य येवो' अशी ओळ आहे. परतताना तू विचारलंस, "राज्य 'येवो' म्हणजे काय रे? राज्यात आपण जातो. ते कसं येईल?" त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. प्रश्न मात्र मनातून जाईना, म्हणून आज लिहायला बसलो.

बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे 'बासिलेया'. 'बासिलेउस' म्हणजे राजा, त्यावरून हा शब्द आला. आपल्याला राज्य म्हटलं की सीमा, किल्ले, नकाशा दिसतो. बासिलेयात आधी येतं राजाचं राजेपण, त्याचा अंमल. येशू अरामी बोलायचा, आणि त्या भाषेतला 'मल्कुता'ही असाच. गुस्टाफ डालमन या जर्मन अभ्यासकाने १८९८ मध्ये हेच आग्रहाने मांडलं.

मला हे खरं उमगलं ते बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायात. तिथे येशू एक दाखला सांगतो: एक उमराव 'बासिलेया' मिळवून परत यायला दूर देशी जातो. जमीन तर घरीच आहे, मग दूर जाऊन आणायचं काय? राज्य करण्याचा अधिकार! ऐकणाऱ्यांना हे नवं नव्हतं. इ.स.पू. ४ मध्ये यहूदियाचा राजा हेरोद वारला, तेव्हा त्याचा मुलगा अर्खेलाव राज्य मागायला असाच रोमला सम्राट ऑगस्टसकडे गेला होता. 'हा आम्हाला नको' असं सांगायला यहूदियातून पन्नास जणांचं शिष्टमंडळही तिथे पोचलं. ऑगस्टसने त्याला निम्मा मुलूख दिला, राजा ही पदवी दिली नाही.

शब्दाचा अर्थ एवढाच, असं मात्र मी म्हणणार नाही. सैतान येशूला जगातली सगळी राज्यं दाखवतो, तिथेही हाच शब्द आहे, आणि तिथे मुलूखच दिसतो. देवाच्या राज्यात 'प्रवेश' करण्याची भाषाही येशूच्याच तोंडी आहे. मुलूख या शब्दात आहे, पण तो अंमलाच्या मागून येतो.

आणि आपली मराठी बघ! लपाछपी खेळताना आपण ओरडायचो, "तुझ्यावर राज्य आलं!" तिथे कुठे होती जमीन? लूकच्या ११व्या अध्यायात येशू भुतं काढतो आणि म्हणतो, देवाचं राज्य तुमच्यावर आलं आहे. ते वाचताना मला आपल्या वाड्याचं अंगण आठवलं. खेळातल्या राज्याचा अर्थ वेगळा, मान्य. पण राज्य माणसावर येतं, हे आपल्या कानांना लहानपणापासून ठाऊक होतं.

प्रार्थनेतली पुढचीच ओळ आठव: जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच होतं.

आई शेवटच्या आठवड्यातही हे शब्द पुटपुटायची. मला वाटायचं, जायची तयारी चालली आहे. आता लक्षात येतं, त्या ओळीत जाण्याचं काही नाहीच.

सवड काढून ये. तिचं बायबल तुला दाखवायचं आहे.

तुझाच,
मित्र