ब्लेड आन् थिनरनं दाराचा पेंट घालवला

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात गाड्यांबद्दल बरंच येतं पण ते सगळं नव्या मॉडेलचं, सनरूफ आहे का आन् मायलेज किती, आमच्यासारखे दहा-बारा वर्षं जुनी गाडी ओढणारे लोक काय करतात ते कुणीच लिहीत नाही म्हणून हे पत्र. विषय तसा बारका आहे, दारावर फोमच्या टेपनं चिकटवलेली बीडिंगची (शोभेची) पट्टी निघाल्यावर खाली जो काळा गम राहतो तो पेंटला धक्का न लावता काढायचा कसा.

झालं असं की तुळजापूरहून येताना मागच्या डाव्या दाराची पट्टी अर्धी सुटून फडफडायला लागली. लातुरात आल्यावर एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गेलो (नाव घेत नाही, पोरगं नवीनच होतं). त्यानं पट्टी ओढून काढली, राहिलेला टेप कटरच्या ब्लेडनं खरवडला, वरून थिनरचं फडकं मारलं. दोन मिनिटात काम झालं म्हणून मी पण खूश. फडकं बघितलं तर मरून कलर फडक्यावर आलेला!

नंतर एका जुन्या पेंटरनं समजावलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. कंपनीचा पेंट भट्टीत साधारण 140 डिग्रीला भाजलेला असतो, तो थिनरला थोडा तरी तग धरतो, तरी घासत बसलं की चमक जातेच. पण हे दार आधी एकदा ठोकलेलं, लांबी (पुट्टी) भरून गॅरेजमध्ये ड्युको, म्हणजे न भाजता वाळणारा पेंट, मारलेलं. ड्युको नुसता थिनर उडून वाळतो, म्हणजे पुन्हा थिनर लागला की पुन्हा विरघळणारच, त्यात त्या पोराची तरी काय चूक म्हणा, पण विचारायचं तर होतं की हे दार रिपेंट आहे का. आन् ब्लेडचं तर बोलूच नका, कंपनीचे सगळे थर मिळून 100 ते 150 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात वरचा चमकीचा क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनच्या आसपास, आपल्या डोक्याच्या केसापेक्षा पातळ. त्याच्यावर कटर चालवल्यावर काय राहणार.

बाकीच्या तीन दारांचं मग मी घरीच केलं, लई घाई न करता, दोन रविवार लागले.

आधी दार धुवून घेतलं, कारण धूळ तशीच ठेवून घासलं की तीच धूळ पॉलिश पेपरचं काम करते. (आमच्याकडं गाडी धुणं म्हणजे दोन बादल्या, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेली माणसं आम्ही, पाईप लावून गाडी धुवायला अजून हात धजत नाही.) मग बायकोचा हेअर ड्रायर. पट्टीच्या कडेनं ड्रायर पुढं-मागं फिरवत राहायचा, एका जागी धरायचा नाही, मधून मधून हात लावून बघायचा, गरम लागलं पाहिजे पण चटका बसायला नको. हीट गन हाताशी असली तरी नवशिक्यानं लांबच ठेवावी, हात चुकला की पेंटला फोड येतो.

पट्टी ओढायची नाही. मासे धरायची तंगूस (नायलॉनची बारीक दोरी) घ्यायची, दोन्ही टोकं बोटाला गुंडाळून पट्टीच्या मागून करवतीसारखी चालवायची, टेपच्या मधला फोम बरोबर कापला जातो. तंगूस नसली तर दात साफ करायचा फ्लॉस चालतो. पण त्याआधी एका टोकातून मागं डोकावून बघा, काही गाड्यांच्या पट्ट्यांना टेपबरोबर क्लिपा पण असतात आन् खाली पत्र्याला भोकं निघतात, मग वेगळंच काम निघतं.

राहिलेला फोम पुन्हा गरम करून अंगठ्यानं ढकलायचा, आंघोळीत अंगाचा मळ निघतो तशा वळ्या निघतात. नख दुखायला लागलं की जुनं एटीएम कार्ड घ्या, लोखंडाचं काही नको. शेवटी जो चिकट थर उरतो त्याला टर्पेंटाईन किंवा डब्ल्यूडी फोर्टी (गंजलेले नट सोडवायचा स्प्रे), आधी दाराच्या आतल्या कडेला थोडं लावून फडक्यावर कलर येतो का बघायचं, आणि ड्रायर बंद करून बाजूला ठेवल्यावरच बाटली उघडायची, पेट्रोल तर नकोच. फडकं ओलं करून दोन-तीन मिनिटं गमवर नुसतं धरून ठेवायचं, गम फुगला की पुसून घ्यायचं. लोक लगेच घासायला लागतात तिथंच चुकतं. खोबरेल तेलाचं पण सांगतात, लग्नाच्या गाडीवरच्या स्टिकरचा गम त्यानं निघतो, पण या फोम टेपला ते काही करत नाही, मी तासभर घालवलाय.

आपल्या उन्हाचा उपयोग करून घ्या. एप्रिल-मेमध्ये तासभर गाडी उन्हात लावली की ड्रायरची गरज पडत नाही, लाईट गेली तरी काम चालतं. पण टर्पेंटाईन लावायच्या वेळी गाडी सावलीत घ्या, तापलेल्या पत्र्यावर ते गम भिजायच्या आत उडून जातं. डिसेंबरातल्या सकाळी हे काम काढूच नका, गम दगडासारखा होतो.

ड्रिलला लावायचं रबर व्हील पण मिळतं, खोडरबरासारखं झिजत गम उचलतं. कमी स्पीडवर, सारखं हलवत ठेवलं तर चांगलं आहे, पण रिपेंट केलेल्या दारावर आन् प्लॅस्टिकच्या बंपरवर नको. सगळं झालं की शाम्पूच्या पाण्यानं धुवायचं, बोअरचं पाणी असेल तर लगेच पुसायचं नाहीतर पांढरे डाग पडतात, मग थोडं वॅक्स. पट्टीच्या जागी कलर जरा गडद दिसतो, कारण बाकी दार उन्हानं विटलंय, ते पॉलिशनं कमी होतं, पूर्ण जात नाही.

माझी मागणी एवढीच की दुकानदारांनी पट्टी काढायच्या आधी गिऱ्हाईकाला दोन गोष्टी विचाराव्यात, दार रिपेंट आहे का आन् तासभर थांबता का. तासाचे पैसे जास्त घ्या, आम्ही देऊ. माझ्या त्या डाव्या दाराचं आता पूर्ण पेंटिंग सांगितलंय, आन् तो खर्च पट्टीच्या कितीतरी पट आहे.

कळावे,
आपला एक जुना वाचक, लातूर