शिंप्याची टेप आणि आशाताईंचा फॉर्म

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस सप्रेम नमस्कार.

मी अमळनेरचा शिंपी. 30 वर्षं लोकांच्या कमरेला टेप लावतोय. आमच्याकडच्या माणसाची ठेवण तोंडपाठ आहे: मनगट काडीसारखं, खांदा 16, छाती 36 आणि बेंबीपाशी 37. शर्टाला घेर सोडला नाही तर खालची तीन बटणं ताणतात. अशा माणसाला कुणी जाड म्हणत नाही.

आमचे नाना असेच. 46 वय, शेतात दिवसभर राबणारे, दारू नाही, तंबाखू मात्र रोजची. छातीत भरून आलं तेव्हा घरच्यांनी ‘पित्त शे’ म्हणून सोडा पाजला. धुळ्याच्या वाटेवरच गेले.

त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी आशाताईंनी त्यांचा सीबॅक फॉर्म भरला होता, म्हणजे आजाराचा धोका गुणांनी मोजणारा फॉर्म. टेप नव्हती, म्हणून पँटचा नंबर लिहिला, 33. साहेब, पँट पोटाखाली बांधतात. फॉर्मला हवी ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधली कंबर. माझ्या वहीत नानांची ती 37 आहे, म्हणजे 94 सेंटिमीटर. पुरुषाची कंबर 90 च्या वर गेली की एक गुण. वयाचे 2, तंबाखूचे 2, कंबरेचा शून्य, बेरीज 4. बेरीज 4 च्या वर गेली तर तपासणीला आधी बोलावतात. बोलावलं असतं तर नाना वाचलेच असते असं मी म्हणत नाही. पण बेरीज चुकली, एवढं खरं.

90 हा आकडा उगाच आलेला नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासोबत 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय मासिकात स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. जगभरच्या 52 देशांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातही दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्यांना जवळपास सहा वर्षं उशिरा. आणि हे सगळ्याच रक्तवाहिन्यांना सारखं लागू नाही. ब्रिटनमध्ये आपल्याकडून गेलेल्यांना हृदयविकार गोऱ्यांपेक्षा जास्त, पण पायाच्या रक्तवाहिन्या तुंबण्याचा आजार कमी. आफ्रिकी-कॅरिबियन वंशाच्यांना पक्षाघात जास्त, हृदयविकार कमी. एका घराण्याचं माप दुसऱ्याला बसत नाही, हे आम्हा शिंप्यांना सांगावं लागत नाही.

खानदेशातही तसंच आहे. सातपुड्यात भिल्ल-पावरा पाड्यांवर सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी रक्तवाहिनीत अडकतात, लहान पोरालाही पक्षाघात होऊ शकतो. तिथं नुसती कंबर मोजून काय उपयोग? म्हणून नंदुरबारच्या पाड्यांचे आणि तापीकाठच्या गावांचे आकडे एकाच रकान्यात घालू नका. वेगळे मांडा, वेगळे छापा.

आणि प्रत्येक आशाताईला टेप द्या. शिवणकामाची चालेल, कापडी असली तर दोन वर्षांनी बदला, ती ताणते. कुठं लावायची ते अंगावर दाखवून शिकवा. आमच्या गल्लीतल्या ताईंना मी एक दिलीय. बरगडी कशी चाचपायची तेही दाखवलं. पहिलं माप त्यांनी माझंच घेतलं, 95.

आपला,
एक शिंपी, अमळनेर