धुक्यातल्या टेपाडांवर वाट दाखवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

व्हॉट्सअ‍ॅपवर आभार मानले असते तर तुम्ही नुसता अंगठा पाठवून विषय संपवला असता, म्हणून हे सगळ्यांदेखत. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या डोंगरांत, पासष्टीपुढच्या गटात एक मराठी बाई अजून ओरिएंटियरिंगच्या शर्यती पळते, हे आपल्या मंडळींना कळायलाच हवं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हातात नकाशा आणि होकायंत्र, जीपीएस नाही. नकाशावर आखलेल्या प्रत्येक गोलाच्या मध्यावर डोंगरात एक नारिंगी-पांढरी खूण टांगलेली असते. क्रमाने एकेका खुणेपाशी जायचं, बोटाला बांधलेली चिप यंत्राला लावायची, पुढे निघायचं. वाट ज्याची त्याने ठरवायची.

आमची शर्यत होती ग्रासमेअरच्या डोक्यावरच्या सिल्व्हर हाऊवर. उंची ३९५ मीटर. सिंहगड चढलेल्या माणसाला हसूच येईल. पण वर टेपाडांमागून टेपाडं, मध्ये दलदल, कातळ, नेच्यांचं रान, आणि कडेचे उतार चांगलेच अंगावर येणारे. त्यात ढग खाली उतरले आणि वीस-पंचवीस पावलांपलीकडचं दिसेनासं झालं.

काकू, तुम्ही मला आधी पळायला शिकवलंच नाहीत. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून समोच्च रेषा वाचायला बसवलंत. ही सोंड, ही घळ, ही खिंड. दोन रेषांत ५ मीटरचा चढ, रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा. शाळेत भूगोलाच्या तासाला हे सगळं मी पाठ केलं होतं, पण त्या रेषांवरून मला चालायला कुणी लावलं नव्हतं.

सहावी खूण एका टेपाडाच्या दक्षिण अंगाला होती. सरळ जायचं तर तीव्र उतार आडवा कापावा लागणार, आणि अशा उतारावर पाय नकळत खालीच ओढले जातात. तुमचा धडा असा, की धुक्यात खूण शोधत फिरायचं नाही. आधी चुकणारच नाही असं काहीतरी मोठं गाठायचं. जवळच दगडी गडग्याचा कोपरा होता. मी कोपऱ्यावर नेम न धरता मुद्दाम त्याच्या डावीकडे धरला. नेमका कोपराच धरला असता, तर गडगा लागल्यावर डावीकडे वळू की उजवीकडे, हे कळलं नसतं. आता उजवीकडेच, यात शंका नव्हती. कोपऱ्यावर थांबले, नकाशा उत्तरेला लावला आणि तिथून ८० मीटर पावलं मोजत गेले. मोजणी संपली तिथे पांढुरकं काहीतरी दिसलं. मेंढी होती! ती कंटाळून उठली, तर मागे खूण. खुणेवरचा आकडा माझ्याकडच्या आकड्याशी ताडून पाहिला; माझीच खूण.

मधल्या वेळात दोघे जण शेजारून झपाझप निघून गेले. त्यांच्यामागे जावंसं फार वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्यांची शर्यत वेगळ्या खुणांची असू शकते, हे तुम्ही इतक्या वेळा बजावलं होतं की पाय हलले नाहीत.

आदल्या रात्री तुम्ही माझी पिशवी उलटी करून शिट्टी आणि रेनकोट आहे ना ते बघितलंत, तेव्हा मी जरा वैतागले होते. संकटात मिनिटाला सहा शिट्ट्या, आणि शर्यत अर्धवट सोडली तरी शेवटच्या टेबलावर जाऊन सांगायचंच, नाहीतर लोक आपल्याला शोधायला डोंगरावर जातात. शिट्टी खिशातच राहिली. पण ती आहे हे ठाऊक असल्यामुळे त्या पांढऱ्या अंधारात मी घाईला आले नाही.

निकालाच्या यादीत माझं नाव बरंच खाली आहे. तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. कुठल्या खुणेपाशी कशी गेलीस, एवढंच विचारलंत आणि पूर्ण परतीच्या रस्त्यात ऐकत राहिलात. त्यासाठी वेगळे आभार. थर्मासमधल्या बिनसाखरेच्या चहासाठी मात्र नाहीत.

पुढच्या वेळी थालीपीठं मी आणीन. डोक्याला दिवा बांधून रात्री पळायच्या शर्यतीबद्दल तुम्ही जे सुचवत होतात, त्याला अजून माझा होकार धरू नका.

तुमची,
गाडीतली शेजारीण